लेन्सचा दोष

मुलुंड (पूर्व)
सोमवार, ३ मार्च २०२५

प्रिय वसुधाताई,

सप्रेम जयभीम.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. परवाच तर आपण फोनवर बोललो. पण आपल्याकडे फोन म्हणजे स्पीकर. तुमचा आवाज ऐकला की अनिरुद्ध जिथं असेल तिथून येऊन मधे बसतो, आणि तुम्हा बहीणभावांचं भांडण संपेपर्यंत माझी पाळी येत नाही. मेसेज करावा तर माझा फोन त्याच्याही हातात असतो. लपवण्यासारखं आमच्यात कधी काही नव्हतंच. म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या टेबलाशी बसून लिहिते आहे. परीक्षा जवळ आल्यात, मुलं खाली माना घालून वाचतायत. मीही त्यांच्यातलीच एक दिसत असेन.

बाकी सगळं ठीक. मिहिरची पुण्यात सबमिशनची धावपळ चालू आहे, फोन केला की "आई, नंतर" एवढंच ऐकू येतं. सोसायटीत पाइप बदलायचं काम निघालंय, त्यामुळे जिन्यात सगळीकडे सिमेंट. तुमच्या प्रियंकाच्या लग्नासाठी साडी घेतली. मला मोरपिशी हवी होती, ती मिळाली नाही, शेवटी वांगी रंगाची आणली. अनिरुद्ध म्हणाला, फोटोत चांगली उठून दिसेल.

त्या फोटोंसाठीच लिहायला बसले आहे. तुम्ही फोनवर म्हणालात की त्या एकातच सगळं असलेल्या लेन्सनं अनीच्या फोटोंची वाट लावली, आता पन्नाशीला मीच त्याला चांगल्यातली लेन्स घेऊन देते, प्रियंकाच्या लग्नात तीच वापरू दे. तुमच्या यजमानांनी दुकानात चौकशीसुद्धा केली म्हणालात.

ताई, ती घेऊ नका.

चांगली लेन्स जड असते, हे एक. त्याचा उजवा खांदा अजून दुखतो. आणि चांगली लेन्स म्हणजे पुन्हा बदलाबदली आलीच, एक जवळच्यासाठी, एक लांबच्यासाठी. लग्नाच्या गर्दीत ते कुठं करत बसणार? आत्ताची लेन्स तशी सोयीची आहे. अठरा मिलिमीटरपासून तीनशेपर्यंत, जवळचं-लांबचं सगळं एकातच. वधूवरांच्या शेजारी उभं राहून अख्खा हॉल घेता येतो आणि जागेवरून न हलता मागच्या रांगेतल्या मावशीचे डोळेही.

हे सगळं खरं आहे, पण यासाठी कुणी पत्र लिहीत नाही.

पूर्वी हाच माणूस अशा लेन्सला किती हसायचा ते तुम्हाला ठाऊक आहे. "ऑल-इन-वन म्हणजे प्रवासाची बॅग, सगळं मावतं, इस्त्री कशाचीच राहत नाही," असं म्हणायचा. त्याच्या तीन लेन्स, तीन कप्पे. बदलायची पद्धतही ठरलेली. वाऱ्याकडे पाठ करायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली, मागचं झाकण शर्टाच्या खिशात, आणि कॅमेऱ्यावरचा पांढरा ठिपका लेन्सवरच्या ठिपक्याला भिडवून एकदा फिरवायचं. खट. बघायचीसुद्धा गरज नसायची. भांडुपच्या खाडीवर आम्ही फ्लेमिंगो बघायला जायचो, तेव्हा मी म्हणायची, तू लेन्स बदलेपर्यंत पक्षी उडून जातील. तो म्हणायचा, जाऊ देत, जो थांबेल तो नीट येईल.

मागच्या वर्षी आमच्या विहारात एका बाळाचं नामकरण होतं. फोटो अर्थातच अनिरुद्धकडे. वंदना झाली, बाळाला पुढे आणलं, आणि हा लेन्स बदलायला लागला. ठिपका ठिपक्याला लागेना. लेन्स टेकवायचा, ती सरकायची, पुन्हा टेकवायचा. मी शेजारीच होते. शांताबाई तुम्हाला आठवत असतील, विहाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्या. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "अनिरुद्धा, फोटो काढतोयस की बरणीचं झाकण लावतोयस?" सगळे हसले. तोही हसला. पण मी त्याच्या हाताकडे बघत होते आणि मला हसू आलं नाही.

त्यानंतर दिवाळीत त्यानं स्वतःहून ही लेन्स आणली. खांद्याचं कारण सांगितलं. जुन्या तिन्ही कपाटात गेल्या. मला बरंच वाटलं, ताई. म्हटलं, बदलायचा प्रश्नच मिटला.

पण फोटो हललेले येऊ लागले. सगळे नाही. खाडीवर भर उन्हात काढलेले स्वच्छ येतात. हॉलमध्ये, घरात, उजेड कमी झाला की चेहऱ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. पहिल्यांदा असे फोटो कॉम्प्युटरवर उघडले तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून बसला. एकेक मोठा करून बघत होता. ते मला बघवेना. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "लेन्सच तसली असेल. तूच म्हणायचास ना, एकात सगळं असलं की धड काहीच नसतं."

त्यानं मान वर केली. तोंडावर असं काही आलं, जसं आपण भर बाजारात तोल जाऊन पडणार असतो आणि कुणी दंड धरतं. मग तो बोलायलाच लागला. तीनशेच्या टोकाला, लांबचं ओढून घेताना, ही मऊच पडते, कडा धूसर येतात, आत उजेड कमी घेते, त्यामुळे शटर हळू चालतं, कंपनीवाले काय कशाच्याही जाहिराती करतात. मी हो हो म्हणत गेले. दुसऱ्या दिवशी हेच त्यानं विहारात सांगितलं, मग ऑफिसात, मग तुम्हाला. आता आमच्या घरात ते पंख्याच्या आवाजासारखं झालंय, सतत चालू असतं आणि कुणी ऐकत नाही.

लेन्सचं खोटं मी सुरू केलं, ताई. तुम्ही आणत असलेल्या लेन्सची मला भीती वाटते ती यामुळे. ती चांगली असेल. तिच्यातूनही फोटो हलला तर त्यानं काय म्हणायचं?

आता उरलेलंही लिहिते. चालताना त्याचा उजवा हात हलत नाही. डावा हलतो, उजवा अंगाला चिकटल्यासारखा राहतो. अक्षर बारीक झालंय. मिहिरच्या फॉर्मवर सही केली ती मुंगीएवढी, आणि वर मलाच म्हणाला की पेन नीट नाही. आमटी आता तो वाटीला तोंड लावून पितो. मी त्याला विचारत नाही, मी स्वतःही तशीच पिते, म्हणजे वेगळं दिसत नाही.

जानेवारीत खांद्यासाठी डॉक्टरकडे गेलो होतो. हाडांचे डॉक्टर. त्यांनी खांदा थोडाच बघितला. त्याला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं, बोटं उघडमीट करायला लावली. मग म्हणाले, खांद्याचं फारसं काही नाही, मेंदूच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, उशीर करू नका, औषधांनी बराच फरक पडतो. चिठ्ठी दिली. मी त्याच खोलीत होते, शेजारच्या खुर्चीवर. बाहेर आल्यावर अनिरुद्ध चपला घालताना म्हणाला, "शेक द्यायला सांगितलंय." आणि मी म्हटलं, हो, घरी पिशवी आहे.

मी पिशवी गरम करून देते. रोज. तो खांद्यावर घेऊन टीव्ही बघतो. त्या डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं नाही, पण मी ग्रंथालयात काम करते, मला ते शोधायला किती वेळ लागणार. मी इथं ते लिहिणार नाही. तुम्ही समजून घ्या.

मला कळतंय की मी काय करते आहे. मी त्याला एक सोय करून दिली. त्या सोयीत आम्ही दोघं बरे राहतो, हसतो, साडीचे रंग बघतो. आणि तिकडे औषधाचे महिने जातायत. रोज सकाळी ठरवते, आज बोलायचं. तो दाढी करत असतो, हनुवटीपाशी हात थांबतो, आरशात माझ्याकडे बघतो, आणि मी विचारते, डब्याला भेंडी चालेल ना.

आता कालचं सांगते. ते घडलं नसतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं, लेन्स घेऊ नका एवढंच लिहून.

काल रविवार. मी दुपारी विहारात महिला मंडळाच्या बैठकीला गेले होते. शांताबाईंनी लवकर आटोपलं, म्हणून मीही लवकर परत आले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलेलं. समोर स्टँडवर कॅमेरा, त्यावर हीच लेन्स. अनिरुद्ध लांब, खिडकीपाशी, दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. टायमर लावला होता. बटणाला हात लागू नये, खोलीत पाऊलसुद्धा हलू नये, म्हणून श्वास धरून उभा. कॅमेरा टिकटिकला आणि फोटो निघाला. मी उंबऱ्यातच थांबले होते.

लेन्स तपासायची हीच रीत, त्यानंच मला कधीतरी शिकवली होती. हात बाजूला काढला की लेन्स काय आहे ते दिसतं.

त्यानं मला बघितलं. फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मी मागे जाऊन उभी राहिले. पडदे ओढलेले, उजेड बेताचा, आणि तरी पानावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती, फोन नंबर, सगळं. शेजारी त्यानं हातात धरून काढलेला तोच फोटो उघडला होता. त्यात मोठा मथळासुद्धा दुहेरी दिसत होता.

दोन्ही समोर होते, ताई. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, आता तो बोलेल. किंवा मी. मनात म्हटलं, एकदाच, आत्ताच.

तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "लेन्स काही खास नाही गं, शीतल."

मी म्हटलं, "नाहीच."

मग त्यानं ते पान भिंतीवरून काढलं. टेप निघता निघेना, नखानं सोलत बसला. मी मदतीला गेले नाही, कारण गेले असते तर त्याचा हात धरला असता.

म्हणजे त्याला माहीत आहे, बहुतेक बरेच दिवस. मला वाटत होतं मी त्याला सांभाळते आहे. तो मला सांभाळत होता. आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघून लेन्सला नावं ठेवतो, आणि मला हे थांबवता येत नाही. मी खूप धीराची आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी नाही हो.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मी आज सकाळी फोन करून घेतली. शनिवार, बावीस तारीख. त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवलं तर मी पुन्हा भेंडीचं काहीतरी बोलेन, हे मला आत्ताच माहीत आहे. तुमच्याशी तो भांडतो, पण लहानपणी ताप आला की फक्त तुमच्या हातून औषध घ्यायचा, हे तुम्हीच मला माझ्या लग्नात सांगितलं होतं. तुम्ही आदल्या दिवशी, शुक्रवारी, याल का? लग्नाची खरेदी आहे म्हणा, मुंबईत साड्या बघायच्यात म्हणा, काहीही म्हणा. शनिवारी सकाळी आपण तिघं निघू. डॉक्टरांकडे जायचंय हे वाक्य तुम्ही म्हणा. मी शेजारी उभी राहीन, आणि या वेळी शेक द्यायला सांगितलंय असं म्हणणार नाही. एवढंच मला जमेल असं वाटतं, आणि त्याचीही खात्री देत नाही.

लग्नाच्या फोटोंचं आत्ता काही ठरवू नका. तो नाही म्हणेल की हो म्हणेल, ते त्यालाच ठरवू दे.

अकोल्याहून निघताना तुम्ही दरवेळी काहीतरी आणता, पिशव्या उचलताना मी ओरडते. यजमानांना सांगा, दुकानात जाऊ नका. या खेपेला रिकाम्या हातानं या, ताई.

तुमचीच,
शीतल