बावीस पानांचं एक पान

२ जानेवारी, सकाळ

डोकं दुखतंय. काल नववर्षाच्या जेवणात साके जरा जास्त झाली आणि मी उभा राहून जाहीर करून बसलो: ९ मार्चला बाबांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाचा सोहळा, त्यात पाहुण्यांनी सह्या करायची वही मी करणार. कागदाच्या झाडाची साल साफ करण्यापासून शिवणीपर्यंत. एकट्याने. टाळ्या पडल्या नाहीत. बाबा, म्हणजे माझे सासरे गेन्झो, कांडलेल्या भाताची चिवट मोची चावत राहिले. शेजारच्या योनेकोकाकू म्हणाल्या, अगंबाई, घरजावई पाण्यात हात घालणार! आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

कागद करणाऱ्या या घरात येऊन तेहतीस वर्षं झाली. आडनावसुद्धा यांचंच लावलं. पण नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवण्यात कागद करायला वेळ मिळाला नाही. देवघराखाली एक पेटी आहे. घरातल्या प्रत्येकाने स्वतः केलेल्या कागदाची एकेक वही तिच्यात आहे. फुसाएने, माझ्या बायकोने, बाराव्या वर्षीच केली. फक्त दोघांच्या नाहीत. एक सासूबाईंची. किकुए त्यांचं नाव, मी यायच्या दहा वर्षं आधीच गेल्या. त्या म्हणायच्या म्हणे, विकायचा कागद आधी, माझी वही पुढच्या हिवाळ्यात. दुसरी माझी. यंदा होणार.

एकच भीती आहे. या गावात कुणी कागद हातात आला की आधी उजेडात धरतं. लग्नाची पत्रिका असो की विजेचं बिल.

४ जानेवारी

टाइमटेबल तयार. २० तारखेपर्यंत साठ ताव, महिनाअखेर शिवण, फेब्रुवारी मोकळा. लॅमिनेट करून लगद्याच्या हौदाशेजारी लावलं. बाबांनी ते काढून उजेडात धरलं, मग परत लावलं.  ते बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते. बोलतात तेव्हा मला ‘साहेब’ म्हणतात. तेव्हाही वाटते.

८ जानेवारी

ओढ्यावर साल धुवायला गेलो. अस्वलांसाठी कमरेला घंटा बांधली होती. योनेकोकाकू पुलावरून ओरडल्या, अहो, अस्वलं झोपलीत, त्यांना कशाला उठवताय? त्यांच्याएवढी अक्कल माणसाला असती तर तोही झोपला असता.

पाण्यात हात घातला. मनगटावरच्या घड्याळात बघून चार मिनिटं. मग बोटं माझी आहेत की नाहीत, कळेना. फुसाए रोज पाच तास घालते, पण तिला सवय आहे. उरलेला दिवस थिअरी वाचली. पाया पक्का हवा.

१७ जानेवारी

सालीतले काळे कण वेचायचं काम. तीन दिवसांत एक वाडगा साफ. अगदी चकाचक. बाबा येऊन शेजारी बसले. माझ्या वाडग्यातून एकेक कण चिमटीने काढून माझ्या पालथ्या हातावर ठेवत गेले. एक्केचाळीस. मी हात हलवला नाही. हलवायची हिंमतच झाली नाही. उठताना म्हणाले, साहेब, बाकीचे कण पाहुणे वेचतील.

टाइमटेबलमध्ये किरकोळ बदल.

२८ जानेवारी

आज प्रत्यक्ष हौदावर. फुसाएने जुना साचा दिला. लगदा पाण्यात ढवळायचा, ताव नंतर सुटे व्हावेत म्हणून त्यात एका झाडाच्या मुळाचा बुळबुळीत रस घालायचा, मग बांबूच्या काड्यांची चटई साच्यात बसवून बुडवायची आणि उचलून हलवायची. फुसाए म्हणाली, रस अजून घाला, हाताला रेशमासारखं लागलं पाहिजे. मी म्हटलं, असं अंदाजाने आमच्या ऑफिसात चालत नसे. मोजून एक कप घातला.

बावीस ताव! काही एका बाजूला गोधडीएवढे जाड, काहींना भोकं. पोत म्हणतात त्याला. एकावर एक रचले. वजन हळूहळू वाढवत रात्रभर दाबायचं असतं. मी वेळ वाचवला. सगळे दगड एकदम ठेवले आणि वर स्वतः बसलो.

२९ जानेवारी

सुटत नाहीत.

३० जानेवारी

नखाने, सुरीने, फुसाएच्या वेणीच्या पिनेने. सुटत नाहीत. बावीस पानांचं एक पान झालंय. स्टोव्हजवळ ठेवून बघितलं, तर वाळून पाटासारखं टणक झालं. बर्फ काढायच्या फावड्यामागे लपवलं. फुसाएने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, सगळं एकत्र आलंय.

५ फेब्रुवारी

विचार केला. वहीत खरी कला शिवणीची. कागद म्हणजे कच्चा माल. नगरपालिकेची इमारत नगरपालिकेने थोडीच बांधली होती? कागद बाहेरून आणणं म्हणजे फसवणूक नव्हे. तरी आपल्या एचिझेन भागातला नको. सगळे ओळखतील.

७ फेब्रुवारी

पहाटेच्या गाडीने क्योतो. फुसाएला सांगितलं, दात. टोपी, मास्क, गॉगल. डब्यात कुणी खोकलं तरी वाटायचं, योनेकोकाकू. जीव मुठीत धरून कागदाच्या एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदाराला म्हटलं, एचिझेनचा सोडून कुठलाही दाखवा. त्याने मागच्या खणातून एक गठ्ठा काढला. जुना माल, वेष्टन हरवलेलं, कुठला ते त्यालाही ठाऊक नाही. चाळीस वर्षं पडून असेल म्हणाला.

मी डोळे मिटून बोट फिरवलं. दक्षिणेकडचा, लगेच ओळखलं. कागदाच्या घरात तेहतीस वर्षं काढली आहेत, उगाच नाही. कागद इतका सुंदर होता की क्षणभर भीती विसरलो. आख्खा गठ्ठा घेतला.

परतीच्या गाडीत गठ्ठा मांडीवर. वाटलं, त्यालाही धडधडतंय. माझंच होतं ते.

१८ फेब्रुवारी

शिवण पूर्ण. बोटाला सात वेळा सुई. शिवण जराशी तिरकी, पण हाताचं काम हाताचंच दिसलं पाहिजे. फुसाएने वही हातात घेतली, पानावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं. छान झालंय हो, म्हणाली. पाणी फार गार होतं का? म्हटलं, फार. ती आत गेली आणि मला गरम सूप आणून दिलं. सूप प्यायला फार वेळ लागला. 

२ मार्च

प्रॅक्टिस म्हणून स्वतःच एक पान उजेडात धरलं. कोपऱ्यात बारीकशी आडवी रेघ, रफू केल्यासारखी. दुसरं पान धरलं. तीच रेघ, त्याच जागी. सगळ्या पानांवर! तोंडचं पाणी पळालं. मग शांतपणे विचार केला. दोष असला तर उलट बरंच, नवशिक्याचा वाटेल. विचारलं तर सांगायचं, साचा हातातून निसटला. साठही वेळा? हो, साठही वेळा.

८ मार्च, दुपार

 हिवाळ्यातलं माझं आवडतं योकान, लाल चवळीची गोड वडी, तसंच परत केलं. उद्या सकाळी सगळं खरं सांगून टाकायचं. ठरलं. बाबा उठण्याआधी, म्हणजे पाचच्या आत. फुसाएला आधी सांगू का? नको. सगळं एकदम.

९ मार्च, सकाळी ९

बाबा चारलाच उठले होते.

९ मार्च, संध्याकाळ

जमेल तसं लिहितो.

बाबा या वयाचा मानाचा सोनेरी कोट, सोनेरी टोपी घालून मधोमध बसले. माझी वही दाराशी टेबलावर. पहिल्या योनेकोकाकू. ब्रश हातात घेतला, आणि अर्थातच पान उजेडात धरलं. मी तोंडभर हसून म्हटलं, साचा निसटला होता. त्या हसल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प झालेलं पाहिलं. ब्रश खाली ठेवला आणि वही मागच्याला दिली. त्याने धरलं. त्यानेही वही पुढे दिली. ती वही हातोहात बाबांपर्यंत गेली आणि माझी पाचावर धारण बसली.

बाबांनी पहिलं पान धरलं. मग दुसरं. मग सगळी. कोपऱ्यातल्या रेघेवर बोट ठेवलं.  

म्हणाले, साहेब, कुठल्या साच्यावर केलात?

जुन्या, म्हटलं. हो, त्यानंतरही मी तसंच म्हटलं. लिहून ठेवतोय, कारण ते पुसता येणार नाही.

म्हणाले, ही रेघ ज्या साच्याची, तो मी जाळला. छपरावरचा बर्फ पडून चटईचा कोपरा मोडला होता. किकुएने स्वतःच्या कॉलरचं रेशीम उसवून त्या धाग्याने तो शिवला. एकच हिवाळा चालला तो. पुढच्या शरदात ती गेली. तिच्या हातचा एक तावसुद्धा घरात उरला नव्हता, सगळा विकला.

 मी ततपप करत दात, क्योतो, मागचा खण, सगळं बोलून गेलो. दक्षिणेकडचा वाटला, हेही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फुसाए म्हणाली, मला हात लावताच कळलं होतं, आईचा कागद. म्हटलं, बघू, हे कधी सांगतात.

बाबा म्हणाले, यावर कुणी सही करायची नाही.

मग सह्या कशावर? फुसाए उठली, बाहेर गेली, आणि फावड्यामागून माझा तो पाट घेऊन आली. तिला तेही माहीत होतं. योनेकोकाकूंनी तो उजेडात धरला. उलटा धरला. यातून उजेडच जात नाही हो, म्हणाल्या, म्हणजे एक चूक दिसत नाही! तेव्हा कुठे सगळे हसले. एकोणतीस सह्या मावल्या. बाबांनी दिवसभर वही मांडीवरून खाली ठेवली नाही. जेवलेही नाहीत.

१० मार्च

सकाळी पेटी उघडली. बाबांनी वहीवर ‘किकुए’ लिहिलं. विचारलं, शिवण कुणाची? माझी, म्हटलं. एवढं तरी खरं होतं. तिरकी आहे, म्हणाले. आणि तशीच आत ठेवली.

माझा पाट पेटीत मावला नाही. हौदाच्या खोलीतल्या फुटक्या खिडकीला लावला. वारा चांगला थांबतो, हे सगळ्यांनी मान्य केलं.

वातावरण बरं दिसलं, म्हणून म्हटलं, बाबा, माझी वही पुढच्या हिवाळ्यात नक्की.

बाबा इतके जवळ आले की मी मागे सरकलो. म्हणाले, हे वाक्य या घरात एकदा ऐकलंय. उद्या सहाला या. पाणी अजून गार आहे.

११ मार्च, सकाळी ५:४०

घाबरलोय. साफ घाबरलोय. सर्दीची लक्षणं वाटताहेत. नवं टाइमटेबल करतोय, पहिल्या ओळीत ‘पाण्यात हात’ लिहिलं, पुढे सुचत नाही. फुसाए जिन्याखालून हाक मारतेय.

११ मार्च, दुपार

बोटं वळत नाहीत, म्हणून थोडक्यात. बाबांनी पहिलं काम सांगितलं: साहेब, ते मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा.