चहावर सांगितलेलं

१२ नोव्हेंबर १९९६, ग्योतोकु

कावासाकीच्या ऑफिसातून घरी आले तरी डोक्यात तेच चाललंय. ओसाकाच्या कारखान्याकडून भरपाई मागण्याचा स्वतःचा हक्क लंडनच्या कंपनीने आमच्या कंपनीला लिहून दिला होता. इंग्लिश कायद्याप्रमाणे कारखान्याला तसं लेखी कळवायला हवं. आमचे साहेब मोरीसान म्हणाले, "पत्र उद्धट दिसेल. मी चहावर सांगतो." मी अडून बसायला हवं होतं का?

आज कळलं, कारखान्याने लंडनशीच परस्पर तडजोड केली. तेव्हा कारखान्याला आमच्याबद्दल माहीत नसेल तर आमचा हक्क गेलाच. पत्र नसलं तरी अशा वेळी तोंडी कळवलेलंही धरतात; चहावर सांगितलेलं सिद्ध झालं, तरच आशा. तो चहा.

ऑफिसातून निघताना मोरीसानना घाबरतच विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं ना?"

त्यांनी समोरची फाइल बंद केली.

"स्पष्ट असं नाही. पण त्यांच्या लक्षात आलं असेल."