अंजूचे राहिलेले सोमवार

अक्का,

तू देवळातून येईपर्यंत थांबलो तर भांडण होईल, म्हणून लिहून उदगीरला चाललो. अंजूचं रात्रीचं जेवण झाकून ठेवलं आहे. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण.

तिला पीसीओएस आहे, वेळेवर साधं जेवू द्या, असं डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं. तू मान हलवलीस आणि घरी येऊन पोरीला सोळा सोमवार धरायला लावलेस. मागच्या सोमवारी साबुदाणा आणि गोड चहावर राहून ती कॉलेजात चक्कर येऊन पडली.

"आईविना पोर, म्हणून पाळी बिघडली," असं गल्लीत सांगत फिरू नकोस. तिची आई, शिवगंगा, होती तेव्हाही हा त्रास होता. ती एकटीच तिला लातूरला दवाखान्यात न्यायची. आपण दोघं हसायचो.

सोमवार मोडले तर लग्न जमणार नाही, ही भीती तूच तिला घातलीस. म्हणून राहिलेले अकरा मी धरतो. आजचा सकाळपासून धरला आहे. तिला तसं सांग आणि ती जेवेपर्यंत समोर बस. मी आल्यावर ताट भरलेलं दिसलं, तर उद्या पहिल्या गाडीने तुला निलंग्याला तुझ्या घरी सोडून येईन.

रामलिंग