डोक्यावर केस आले म्हणून

अप्पा, आज तुमच्यावर राग काढायला बसलोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काही जुना होत नाही. सातवीत माझी शाळा सुटली, म्हणून अक्षर असंच चालवून घ्या. मी बेंगळुरात असतो. इथं लहान पोरांच्या कॅन्सरचं धर्मादाय हॉस्पिटल आहे, तिथल्या वॉर्डात स्ट्रेचर ढकलतो. औषध फुकट, आईबापाला जेवण फुकट, राहायला खोली. वरच्या मजल्यावर पोरांच्या रक्तावर संशोधन चालतं, एकाच औषधानं एक पोर बरं होतं आणि दुसरं का होत नाही, याचं. आणि तरी बाप लोक पोरं अर्ध्यातनं उचलून नेतात. त्याचं संशोधन कोण करणार, सांगा.

मागच्या सोमवारी आपल्या बाजूचा, जतकडचा, एक बाप पिशवी बांधत होता. शेजारी त्याची पोरगी चिकपेटच्या बाजारातनं आणलेला नवा फ्रॉक घालून गोल गोल फिरतीय. डोक्यावर काळी लव आलेली. तो फ्रॉक बघूनच कळलं, हे निघाले घरी. डॉक्टरबाईंना मराठी येत नाही. त्या मला म्हणाल्या, तू स्वल्प, म्हणजे थोडं, समजाव त्यांना. मी म्हटलं, "रोग रक्तात लपून राहतो, अजून बरेच महिने औषध लागतंय." तो हसला. "पळतीय की पोरगी. अजून किती टोचून घेऊ, दादा? ह्यांना अभ्यासाला पोरं लागत्यात. माझी पोर काय पुस्तक हाय व्हय?"

तुमचाच आवाज, अप्पा. ताईलाही हाच रोग, औषधानं गेलेले केस परत यायला लागले तसा तुम्ही मिरजेच्या स्टँडवर लाल कंगवा घेतलात आणि तिला घरी आणलंत. ती उंबऱ्यात बसून बोटभर केस विंचरतीय, तुम्ही शेजारी बसून कौतुकानं बघताय. आई म्हणाली, डॉक्टरांनी परत बोलावलंय. "दुखणं गेलं, आता डॉक्टरचं काय काम?" म्हणत तुम्ही ताटावरनं उठलात. ताईनं पुढची दिवाळी बघितली नाही. कंगवा नंतर कुणी वापरला नाही आणि कुणी टाकलाही नाही.

त्या माणसाला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हटलं, "माझ्या बहिणीला हेच झालेलं. केस आले तसं सगळे म्हणाले, घरी न्या. माझा बाप ऐकला नाही. औषध पुरं होईपर्यंत मिरजेत ठाण मांडून बसला."

"मग?"

"मग काय. लग्न झालं तिचं. दोन पोरं आहेत."

त्यानं पोरीकडं बघितलं. मग खाली बसून पिशवीची गाठ सोडली.

आता रोज वॉर्डात भेटला की विचारतो, बहीण कशी हाय? मी म्हणतो, बरी आहे. काल म्हणाला, "तुमचे वडील खमके गडी असणार." हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहितो. मी हो म्हटलं, अप्पा. आणि म्हणताना बरं वाटलं.