परतीची तारीख

दिनांक १९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईंस,
सादर प्रणाम.

आपली प्रकृती ठीक असावी आणि गुडघ्यांना शेक देण्यात खंड पडला नसावा, असे गृहीत धरतो. इकडे सर्व यथास्थित आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर बदलून घेतला. आपल्या बहिणीची राखाडी शाल धुऊन घडी करून ठेवली आहे. ती पार्सलने पाठवावी की आपण याल तेव्हा द्यावी, हे कळवावे. 'आपण याल' असे लिहून गेलो, तो आग्रह समजू नये.

आपण आमच्या कंपनीला पाठविलेले तक्रारीचे पत्र मला दाखविण्यात आले. भाषा कडक आहे, पण एकही शब्द अनाठायी नाही. फक्त शेवटचे वाक्य, 'ज्याने हे सॉफ्टवेअर केले त्याला घरी बसवा', याविषयी मला लिहिणे भाग आहे.

आम्ही आजारी माणसांसाठी खाटा आणि प्राणवायूची यंत्रे भाड्याने देतो, हे आपण जाणताच. पूर्वी वस्तू परत आली की अनामतीतून भाडे वळते करून उरलेली रक्कम ग्राहकाला पाठविण्यास आमच्या विभागाला महिना लागे, आणि लोक फोनवर आमचा उद्धार करीत. आता परतीची तारीख व कारण भरले की पुढचे सारे आपोआप होते. त्या दिवशी भाडे थांबते, परताव्याचा संदेश जातो, वस्तू न्यायला गाडी निघते. मध्ये माणसाचा हात नको, हा आग्रह माझाच होता.

कारणांची यादीही मीच केली. सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी, जिला कचेरीत सगळे मुंगी म्हणतात, दोन कारणे वेगळी ठेवू म्हणत होती: 'रुग्ण बरा झाला' आणि 'रुग्ण निवर्तला'. असे शब्द लोकांच्या घरी पाठविणे शोभत नाही, 'गरज संपली' हे दोन्हीकडे चालेल, असे मी सुनावले. दोन्हीकडे चालेल म्हणूनच ते नको वाटते, असे ती पुटपुटली. मला तो पोरकटपणा वाटला.

त्या सकाळचे आपणास काय सांगावे? खाट माझ्या खात्यावर होती, पण नोंदविताना फोन आपला दिला होता, म्हणून संदेश आपल्याच फोनवर आला. औषधवाल्याचा असेल म्हणून आपण तो तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचलात. 'आपली गरज संपल्याने खाट परत घेण्यात येत आहे.' पाठोपाठ खाट न्यायला दोन हमाल दारात उभे. "माणूस आहे त्या खाटेवर अजून!" हे आपले शब्द मी जिन्यात ऐकले. ते बिचारे जोडे हातात घेऊन उतरले. आतून ती म्हणत होती, "अगं ताई, त्यांना पाणी तरी विचार, एवढे मजले चढून आलेत."

आपण माझ्याकडे पाहिलेत. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरची चूक आहे."

तेच मी कचेरीत चौकशीच्या वेळी म्हणालो. मुंगीने पूर्वी माझ्याच खात्यावर चाचण्या घेतल्या होत्या. ती रडवेली होऊन म्हणाली की एखादी नोंद पुसायची राहिली असेल, तिचेच चुकले असेल. मी टेबलावरच्या पेल्याकडे पाहत बसलो. तिला महिनाअखेरीस काम सोडण्यास सांगण्यात आले.

ताई, नोंद राहिली नव्हती. ती मी केली होती.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन आता किती काळ उरला आहे ते सांगितले, त्याच दुपारी. मी तिथून घरी यायला हवे होते. मी कचेरीत गेलो. हाताला सवयीचे काम हवे होते, म्हणावे तर एवढेच कारण आहे, आणि ते पुरेसे नाही. आमच्या खात्यावर परतीची तारीख आगाऊ घातली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुढे थोडे सवलतीचे दिवसही धरले, जसे कुठल्याही ग्राहकाला देतो. मग कारण निवडले. नंतर ती नोंद मी विसरलो. ती माझ्या तारखेहून अधिक जगली, एवढाच घोळ झाला. सॉफ्टवेअरला मी सांगितले होते, तेच त्याने केले.

हमाल येऊन गेले त्या संध्याकाळी आपण औषध आणायला खाली गेला होतात. तिने मला जवळ बोलावले.

"अहो, तारीख कुणी घातली?"

"सॉफ्टवेअरने," मी म्हणालो. तिलाही तेच.

तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "मग त्याला सांगा ना, थोडी मुदत वाढवून दे म्हणावं. आणि कुणावर ओरडू नका त्यापायी."

दुसऱ्या दिवशी मी मुदत वाढवून दिली. पुढचे आपण जाणताच.

आज सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन हे सर्व लेखी दिले. मुंगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिला ठेवतील किंवा नाही, ते सोमवारी ठरणार आहे. साहेब म्हणतात, तक्रारदाराचे पत्र अजून कायम आहे. म्हणून ही विनंती. आपण तक्रार मागे घेऊ नये. तिच्यातला एक शब्दही सौम्य करू नये. 'ज्याने हे सॉफ्टवेअर केले' एवढे खोडून तिथे माझे नाव घालावे, आणि पत्र सोमवारपूर्वी पोहोचेल असे पाहावे.

त्यानंतर मला उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ मी समजेन.

आपल्या धाकट्या बहिणीशी खोटे बोललेला,
तिचा नवरा