सभासदाचा पत्ता

मंगळवार, ५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. परवा दुपारी इथे सुखरूप पोचले. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना, की विचारणाऱ्याला नुसतं "घेते, घेते" म्हणतेस?

तीन आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. दारावरच्या कापडी फलकावर "ग्रंथालय व माहिती सेवा व्यवस्थापकांसाठी" असं लिहिलंय. कोणीतरी मला "व्यवस्थापक मॅडम" म्हणालं तर मी मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारतायत म्हणून. आम्ही बावीस जण आहोत. माझी खोलीतली सोबतीण एका हॉस्पिटलचं ग्रंथालय सांभाळते. तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा गोळ्याच जास्त. मला शिंक आली तरी तीन गोळ्यांची नावं सांगते.

शिकवणारे सर सत्तरीचे आहेत. अंगाने काडी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचे दचकून सरळ बसतात. पहिल्याच तासाला म्हणाले, "पुस्तकं सांभाळणारे पुष्कळ भेटतात. इथून जाताना माणसं सांभाळायला शिकून जा." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. माझं पेन खाली पडलं होतं. आजकाल हातातून वस्तू फार पडतात.

जेवण बरं असतं, पण घास उतरत नाही. परीक्षेची धास्ती, असं मी सोबतिणीला सांगितलंय. शेवटी एक लेखी परीक्षा आहे खरी. चाळिशी उलटल्यावर परीक्षा म्हणजे म्हातारपणी गोवर.

आज दुपारी इथल्या कार्यालयातून आमच्या ग्रंथालयात फोन केला. सहज. आमची सहायक म्हणाली, सगळं ठीक आहे, फक्त कोपऱ्यातल्या बाई आल्या नाहीत. या बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दार उघडल्याबरोबर येतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीला पाठ लावून वाचत बसतात, म्हणून आमच्यात त्यांना तेच नाव पडलंय. एखादा मंगळवार चुकतो माणसाचा. सर्दी होते, पाहुणे येतात. होय ना?

ताई, एक विचारू? तू एकटी राहत होतीस तेव्हा जिन्यात पावलं वाजली तर तुला कळायचं का, ती कोणाची ते? जाऊ दे. उगाच विचारलं.

पत्र लिही. लगेच लिही.

तुझी,
धाकटी


गुरुवार, ७ नोव्हेंबर
बस स्थानक, दुपारी

ताई,

मी परत निघाले आहे. गाडी साडेतीनला आहे आणि तोवर हे लिहून संपवायचंय. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कागद, म्हणून अक्षर असं झालंय. मंगळवारी जे लिहिलं नाही ते आज लिहिते. तुलाच लिहायला सगळ्यांत जास्त भीती वाटते, म्हणून आधी तुला.

आज सकाळचा तास वाचकांच्या माहितीबद्दल होता. कोण काय वाचतं, कधी येतं, कुठे राहतं, हे सगळं आपल्या खणात पडलेलं असतं, पण ते आपलं नसतं, असं सर सांगत होते. मग त्यांनी टेबल ओढून काउंटर केला. स्वतः एक भाऊ झाले. "माझी बहीण तुमची सभासद आहे. आई शेवटच्या घटका मोजतेय. पत्ता द्या." आमच्यातल्या एकेकाने उठायचं आणि उत्तर द्यायचं.

सोबतीण उठली. "पत्ता नाही देता येणार. चिठ्ठी ठेवून जा, त्या आल्या की हातात देईन." शाबासकी मिळाली तिला.

मग माझी पाळी आली. सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि खोटं खोटं रडले. इतकं हुबेहूब की दोघी-तिघी हसल्या. आणि मग मी काय म्हणावं? "त्यालाही असंच रडू आलं होतं."

सरांनी खुर्ची सोडली. "कोणाला?" त्यांनी विचारलं.

ताई, मी इथे यायला निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ग्रंथालयात एक माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. खिशातून सहा-सात वर्षांच्या मुलीचा फोटो काढून त्याने काउंटरवर ठेवला. बायको रागावून निघून गेलीय म्हणाला. "चूक माझीच आहे, मॅडम. पण पोरगी जेवत नाही. आई हवी म्हणते. तिला वाचायचं वेड, म्हणून गावातली सगळी ग्रंथालयं पालथी घालतोय." त्याचे डोळे भरून आले. मी त्याला पाणी दिलं.

त्याने नाव सांगितलं. आमच्या कोपऱ्यातल्या बाईंचं. मी खण ओढला. सभासद अर्ज वर्णानुक्रमे लावलेले, माझ्याच हाताने, त्यामुळे अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पत्ता नुसता वाचून दाखवला असता तर विसरलाही असता कदाचित. मी चिठ्ठीवर लिहून दिला. वळणदार अक्षरात, कोणत्या वळणावर वळायचं त्यासकट.

तो बाहेर गेला. खिडकीतून मी पाहिलं. त्याने मोटारसायकलच्या आरशात बघून सावकाश केस विंचरले. डोळे पुसले नाहीत. पुसण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलं. पण मी काय केलं? बॅग भरायला घरी गेले.

त्या बाईंनी अर्ज भरताना मला विचारलं होतं, "पत्ता द्यायलाच हवा का?" मी हसून म्हटलं होतं, "नियम आहे. इथून कुठे जातोय तुमचा पत्ता?"

आणि हे मी केलं, ताई. मी. तू भावोजींचं घर सोडून त्या एका खोलीत राहायला गेलीस तेव्हा तुझा पत्ता आपल्या घरात फक्त आईला आणि मला माहीत होता. भावोजी चार वेळा दारात आले. एकदा फळं घेऊन आले, एकदा पायरीवर बसून रडले. मी एकोणीस वर्षांची होते. खोटं बोलायला कच्ची, पण तेव्हा "मला माहीत नाही" म्हणताना पापणी लवली नाही. आणि आता वीस वर्षं नोकरी करून, डोळ्यावर चष्मा चढवून, एका इस्त्रीच्या शर्टापुढे विरघळले. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. कोणाच्या तरी उपयोगी पडले असं वाटलं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"आणि तुम्ही इथे बसून माझं बोलणं ऐकताय? उठा. आधी फोन करा. पश्चात्ताप नंतर."

माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी फोन करायला लावला. सहायकेला सगळं सांगितलं आणि नवऱ्याला सोबत घेऊन त्या पत्त्यावर जायला सांगितलं. तासाभराने तिचा उलटा फोन आला. तिला धाप लागली होती. "मॅडम, दाराला कडीच नाहीये. उखडलीय. आत कोणी नाही. शेजारी म्हणतात, रविवारी झालं."

रविवारी. म्हणजे मी इथे पोचून तुला पत्र लिहायला कागद शोधत होते तेव्हा.

काय झालं ते शेजारी सांगायला तयार नाहीत. जे असेल ते बघायला जातेय. बघण्यासारखं काही उरलं असलं म्हणजे झालं.

गाडी लागली.

धाकटी


गुरुवार, २१ नोव्हेंबर

ताई,

दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. मी मागणारही नाही. पण पुढचं तुला कळायला हवं.

ती जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुला पुढचं वाचता येईल.

शुक्रवारी सकाळी मी त्या पत्त्यावर गेले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. दाराच्या चौकटीला स्क्रूची चार भोकं आणि फळीवर बुटाचे ठसे. शेजारच्या आजी आधी बोलेनात. मी कोण ते सांगितल्यावर बोलल्या. त्याने दार फोडलं तेव्हा बाई मुलीला मागच्या खिडकीतून आजींच्या गच्चीवर सोडत होत्या. हो, मुलगी त्यांच्याजवळच होती, पहिल्यापासून. जेवण सोडून आईसाठी झुरते म्हणून सांगितलेली ती मुलगी रोज इथून शाळेत जात होती. मुलगी सुटली. आई सापडली. आजींनी आरडाओरडा केला, दुकानातली माणसं टायर टाकून वर धावली, तेव्हा तो पळाला. बाईंचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन त्या गेल्या. कुठे, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पत्ता सांगायची हौस फिटली असणार.

त्या शिवणकाम करायच्या, शाळेच्या गणवेशांचं. ते दुकान मी शोधून काढलं. मालकीण दारातच उभी राहिली.

"कोण तुम्ही?"

"ग्रंथपाल. त्या बऱ्या आहेत ना, एवढंच…"

"त्या नावाचं माझ्याकडे कोणी नाही."

मी गयावया केली. रडले. तिने माझं रडणं शांतपणे पाहून घेतलं. "रडणारे फार येतात, बाई," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या बंद दारापुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. जे मला शिकायला तीन आठवड्यांसाठी परगावी पाठवलं होतं, ते तिने एका वाक्यात करून दाखवलं होतं.

तिथून पोलीस चौकीत गेले. जाण्याआधी आमच्या ग्रंथालयाच्या मंडळाच्या चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला अंगावर ओढवून घेता? खणाला कुलूप नव्हतं. कोणीही उघडला असेल." खोटं सांगत नाही, ताई, क्षणभर जीव भांड्यात पडला. अगदी क्षणभर. मग चौकीत जाऊन माझ्या नावाने जबाब लिहून दिला. चार दिवसांनी तो सापडला. माझी चिठ्ठी त्याच्या पाकिटात होती, नीट घडी घातलेली.

ओळख पटवायला मला बोलावलं. तो बाकावर बसला होता. शर्ट तोच, फक्त चुरगळलेला. मी आत गेले तसा हसला. "मॅडम, अक्षर फार छान आहे तुमचं. घर शोधायला काही त्रास झाला नाही." फौजदार बाईंनी त्याला गप्प केलं. पण मी तेव्हापासून काही लिहायला घेतलं की मला तो आवाज ऐकू येतो.

तो सापडल्याचं कळल्यावर सोमवारी बाई स्वतःच जबाबाला आल्या. फौजदार बाईंनी त्यांना विचारून मला आत सोडलं. हात गळ्यात, प्लास्टर बोटांपर्यंत. मुलगी खुर्चीच्या मागे उभी. मी हात जोडले. पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

त्याच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, पत्ता द्यायलाच हवा का म्हणून."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं."

"मग झालं तर." मग म्हणाल्या, "माझा अर्ज मला परत हवा."

मी धावत ग्रंथालयात गेले आणि अर्ज घेऊन आले. त्यांना एका हाताने कागद फाडता येईना. मी पुढे झाले तर त्यांनी कागद मागे घेतला. एक टोक मुलीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघींनी मिळून तो फाडला. तुकडे तिथे टाकलेही नाहीत. पर्समध्ये घातले. माफ केलं म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

मंडळाने चौकशी संपेपर्यंत मला मागच्या खोलीत बसवलंय, फाटक्या पुस्तकांच्या याद्या करायला. खणाला आता कुलूप आहे, किल्ली सहायकेकडे. सरांचं पत्र आलं. पुढच्या तुकडीला येऊन हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगा म्हणतात. बावीस अनोळखी चेहऱ्यांपुढे. मी "येते" असं कळवलंय.

पुढच्या बुधवारी त्याच्या जामिनाची सुनावणी आहे. सुटला तर त्याला माझं ग्रंथालय माहीत आहे, मी किती वाजता निघते ते माहीत आहे. भीती वाटते, ताई. दिवसाढवळ्या वाटते. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की उठून दाराची कडी बघते. तू अशी किती वर्षं काढलीस? आणि आम्ही तुला म्हणायचो, "आता विसर की, झालं ते झालं."

या पत्राच्या पाकिटावर तुझा पत्ता लिहायला घेतला. पहिली ओळ लिहिली आणि पुढे हात चालेना. कोण कोण वाचेल, कुठल्या कुठल्या टेबलावरून जाईल, असं वाटत राहिलं. म्हणून टपालात टाकत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने स्वतःच घेऊन येते. दारातून तुझ्या हातात देईन. तू आत बसून सावकाश वाच. मी बाहेर पायरीवर थांबेन. वाचून झाल्यावर दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझा पत्ता जिने राखला आणि तिचा राखला नाही, ती
तुझी धाकटी