सागवानी स्टँडची दोन टोकं

५ जानेवारी, परभणी

स्वतःच्या हातानं केलेल्या आणि आज प्रयोगशाळेतल्या नव्या नोकरीवर सोबत आणलेल्या वस्तू: काचपट्ट्या सुकवायची पत्र्याची पेटी, आत चाळीसचा बल्ब. सूक्ष्मदर्शकाचा दिवा, जुन्या मोटरसायकलच्या हेडलाइटपासून केलेला. नळ्या ठेवायचा सागवानी स्टँड, एका ओळीत बारा भोकं, अंतर बरोबर पंचवीस मिलिमीटर, दोन्ही टोकं तंतोतंत सारखी. त्यावर आकडा नाही, खूण नाही. पॉलिश बिघडतं.

दहावी नापास माणूस मी. पूर्णेला बावीस वर्षं दवाखान्यांतून बघून-बघून हे काम शिकलो. इथल्या डॉक्टर राजेश्री मॅडम स्टँड हातात घेऊन म्हणाल्या, असं काम दुकानात मिळत नाही. झाडलोट करणाऱ्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "मामा, लाकडाला एवढं गोंजारायलाव, घरी मामी न्हाईत का?" मीही हसलो. खोली उजेडाची आहे. इथं माझं जमेल.

९ जानेवारी

आज लिम्फोमाचे, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचे, दोन रुग्ण. ताडकळसचे मुंजाजी, बासष्ट वर्षांचे बागायतदार. आणि चुडाव्याकडची शालू, तेवीस वर्षांची, मेंढ्या राखणाऱ्या येडबांची लेक. मॅडमनी दोघांच्या कमरेच्या हाडातला मगज (अस्थिमज्जा) सुईनं काढला. रोग मगजात उतरला का, त्यातल्या जनुकांत कोणता बिघाड आहे, हे पुण्याच्या तपासणीत कळतं आणि औषध त्यावरून ठरतं. प्रत्येकी दोन नळ्या. एक पुण्याला, एक राखीव आमच्या फ्रिजात.

मॅडम सांगतात, नाव रुग्णाच्या उशाशीच लिहा. पण घाईत माझं अक्षर बिघडतं. घोटाळा नको म्हणून मुंजाजींच्या नळ्या डाव्या टोकाला ठेवल्या, शालूच्या उजव्या. चहा घेऊन आलो आणि निवांत बसून झकास अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या.

२९ जानेवारी

रिपोर्ट आले. शालूचा मगज स्वच्छ, तिला साधं औषध. मुंजाजींच्या मगजात रोग आहे आणि जनुकांचा बिघाडही वाईट, त्यांना जहाल औषध. त्यांची सून बाकावर बसून रडली. येडबा माझ्या पाया पडायला वाकले. मी काय केलं म्हणालो, पण बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

येडबा आले होते. शालूच्या मानेतली गाठ बोराएवढी होती, ती औषध चालू असताना लिंबाएवढी झाली म्हणाले. औषधाला वेळ लागतो असं समजावलं. आणखी एक विनंती केली त्यांनी, ती इथं लिहिण्यासारखी नाही. मॅडमपर्यंत नेली नाही.

१५ फेब्रुवारी

पंचफुलाबाईंनी टेबल पुसताना स्टँड उचलला. उलटा ठेवू नका म्हणून मी आवाज चढवला. त्या म्हणाल्या, "त्याला उलटं-सुलटं हाय का मामा? दोनी तोंडं सारखीच. त्या मगजाच्या दिवशी बी तुमी चहाला गेलात, मी उचलून पुसला अन् ठिवला. तवा तर काई बोलला न्हाईत."

म्हणजे मी चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा डावं टोक डावंच होतं का?

फ्रिज उघडला. 'मुंजाजी' लिहिलेली राखीव नळी, दोन मिलि. ती कोणाची?

मॅडमना सांगायला उठलो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत मॅडम एका पाहुण्या डॉक्टरांना माझं अक्षर दाखवत होत्या, पूर्णेहून हिरा आणलाय म्हणत होत्या. मी परत फिरलो.

१७ फेब्रुवारी

स्टँडच्या डाव्या टोकाला पेन्सिलीचा ठिपका दिला. कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

१८ फेब्रुवारी

ठिपका उजवीकडं. किल्ली माझ्याच खिशात होती.

२० फेब्रुवारी

'मुंजाजी' नळी तीन मिलि. दोन होती. तीनदा मोजली. फ्रिज चार अंशावर आहे, नळी कोमट लागते. आतलं अजून ताजं, लाल. महिना उलटून गेलाय.

२१ फेब्रुवारी

मुंजाजींचे केस गेले. पाणीही पोटात ठरत नाही. सून म्हणाली, तुमच्यामुळं रोग वेळेत कळला. मान वर करता आली नाही. चेहरा असा का, पंचफुलाबाईंनी विचारलं. पित्त झालंय म्हणालो.

सांगायला हवं. उद्या.

२३ फेब्रुवारी

पाच मिलि. बूच वर यायलंय. स्टँडच्या दोन्ही टोकांना ठिपका. मी एकच दिला होता. एकच —

२४ फेब्रुवारी

कपाट उघडलं. स्टँडमध्ये बारा नळ्या. मी एकही ठेवली नव्हती. बाराही कोमट. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात, झकास — शालू, शालू, शालू —

२५ फेब्रुवारी, सकाळ

येडबा बाहेर बाकावर बसलेत. शालू घोंगडीत. मान वळत नाही, श्वासाला घरघर. मॅडम दहाला येतील. ही वही त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. ठेवणारच. कपाटातून काच वाजल्याचा आवाज — बघणार नाही. आधी हे लिहितो.

मॅडम, १४ तारखेला मी लपवलं. येडबा म्हणाले होते, "साहेब, तुमाला खोटं म्हनत न्हाई. पर माज्या लेकीचा मगज पुन्हा एकडाव तपासा. चार मेंढ्या इकल्यात." नवा मगज काढला असता तर चिठ्ठ्यांची अदलाबदल तेव्हाच कळली असती. फक्त हो म्हणायचं होतं. त्यांनी रुमाल सोडून पुढं केला, अठ्ठावीस हजार रुपये. मी गाठ मारून परत दिला. म्हणालो, माझ्या हातून चूक होतच —